आतल्या सहा बरण्या

१

दुपारी बारा वाजता काळोखाच्या खोलीतून पाहुण्याची किंकाळी आली, तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत शेवाळाच्या टबात होते.

पाहुणा म्हणजे औषध कंपनीचा माणूस. आमचा माल बघायला आलेला. त्या खोलीत मोबाइल न्यायचा नाही आणि दार उघडं टाकायचं नाही, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं दार सताड उघडलं, पडदा बाजूला केला आणि खिशातल्या मोबाइलचा उजेड आत पाडला. म्हणून त्याला दिसलं. सकाळपासून आम्ही आळीपाळीनं चारदा त्या खोलीत जाऊन आलो होतो आणि आमच्यापैकी कोणालाच काही दिसलं नव्हतं.

आमचे डॉक्टर, म्हणजे अर्क बनवणारे शास्त्रज्ञ, आतल्या भिंतीपाशी आडवे पडले होते. डोक्याखालची फरशी काळपट ओली होती. चष्मा बाजूला, न फुटलेला. पाहुणा व्हरांड्यात खांबाला धरून ओकत होता.

आमचं काम आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. समुद्रालगत चार खोल्या आणि एक व्हरांडा, एवढाच आमचा कारखाना. खाण्याचं तपकिरी शेवाळ येतं. ते मी सात पाण्यांनी धुते, वाळू आणि शंख निवडते, सावलीत वाळवते. मग त्याची पूड होते आणि ती पूड पाणी घातलेल्या अल्कोहोलमध्ये भिजत पडते. शेवाळातलं सत्त्व त्यात उतरतं. शिकलेली माणसं त्याला अँटिऑक्सिडंट म्हणतात. डॉक्टरांनी मला माझ्या भाषेत समजावलं होतं, "मावशी, सफरचंद कापून ठेवलं की काळं पडतं ना? हवा त्याला खाते. हे सत्त्व ते खाणं थांबवतं."

पण हे सत्त्व स्वतः भारी नाजूक. उष्णता सोसत नाही, उजेड सोसत नाही. म्हणून भिजवण्याची खोली काळोखाची. खिडकी नाही, अल्कोहोलच्या वाफेमुळे दिवासुद्धा नाही. आत शिरलं की आधी पाठीमागचं दार लावायचं, मगच पुढचा जाड काळा पडदा सारायचा. चोवीस बरण्या, सगळ्या चंदेरी फॉइलमध्ये गुंडाळलेल्या. अठरा उजव्या हाताच्या भिंतीला तीन फळ्यांवर, आणि सहा पार आत, समोरच्या भिंतीपाशी जमिनीलगतच्या फळीवर. दर तासाला कोणीतरी एकानं आत जायचं, चाचपत चाचपत प्रत्येक बरणी हलवायची आणि बाहेर येऊन पाटीवर वेळ आणि किती बरण्या हलवल्या ते लिहायचं. तपासणीचं सामान सोडलं तर आत रिकाम्या हातानं जायचं, बाहेर रिकाम्या हातानं यायचं.

त्या दिवशीच्या पाटीवर असं होतं. आठ वाजता माझी भाची. नऊ वाजता भाऊ, म्हणजे अर्क आटवायचा पंप चालवणारे, सगळ्यांचेच भाऊ. दहा वाजता मी. अकरा वाजता पुन्हा भाची.

इन्स्पेक्टर साहेब एक वाजता आले. रिटायर व्हायला टेकलेले, पोट सुटलेलं, आवाज मऊ. त्यांनी खोलीच्या उंबऱ्यावरूनच आत टॉर्च मारला आणि हवालदाराला म्हणाले, "तू जा पुढं. मला अंधाराचं वावडं आहे." हवालदार गालात हसला. साहेब म्हणाले, "हस, हस. चोर परवडला, अंधार नाही परवडत."

मग एकेकाला बोलावून विचारायला लागले. माझी पाळी आली.

"मावशी, दहा वाजता तुम्ही आत गेलात. चोवीसच्या चोवीस बरण्या हलवल्या?"

कारखान्याच्या मालकीणबाई शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. माझ्याकडेच बघत होत्या.

"हो साहेब," मी म्हणाले. "चोवीस."

"आतल्या भिंतीपर्यंत गेलात? खाली बसून त्या सहा हलवल्या?"

"हो."

"तेव्हा तिथं कोणी नव्हतं?"

"नव्हतं."

साहेबांनी लिहून घेतलं, मी सही केली.

सगळं खोटं होतं. माझ्या गुडघ्यांत खाली बसायचं बळ सहा महिन्यांपासून नाही. सहा महिन्यांत मी त्या आतल्या बरण्यांना एकदाही हात लावला नव्हता.

२

सही करून मी टबाशी आले आणि तेच शेवाळ पुन्हा धुवायला लागले. दहा वाजता मी त्या खोलीत पंधरा मिनिटं होते. डॉक्टर तेव्हाच तिथं पडलेले असतील, तर माझ्यापासून चार पावलांवर. मी गुणगुणतही असेन. अंधारात मला गुणगुणायची सवय आहे.

पण खोटं का बोललात, असं कोणी विचारलं तर उत्तर सोपं होतं. निम्मं काम करणाऱ्या बाईला कोण ठेवून घेईल? माझं खोटं कोणाला नडेल, असं मला वाटलंच नव्हतं. माणूस गेला तो गेला. बरण्या अठरा की चोवीस, त्यानं काय फरक पडतो?

अडीच वाजता साहेबांनी आम्हाला सगळ्यांना व्हरांड्यात बसवलं. मालकीणबाई, भाऊ, भाची आणि मी. एवढीच आम्ही माणसं. पाहुणा ओकून ओकून आडवा झाला होता.

"दार एकच," साहेब म्हणाले. "आणि मालकीणबाईंचं टेबल दारासमोर. पण बाई सकाळभर फोनवर, भिंतीकडे तोंड करून. त्यामुळे कोण कधी आत गेलं त्याला पाटी सोडून साक्षीदार नाही. भाऊ, तुम्ही नऊ वाजताचं काय सांगितलंत?"

"सगळ्या चोवीस हलवल्या, साहेब. आत कोणी नव्हतं." भाऊंचा आवाज बसला होता. डोळे लाल होते. डॉक्टरांबरोबर त्यांनी नऊ वर्षं काम केलं होतं.

"दहा वाजता मावशी आतल्या भिंतीपर्यंत गेल्या. तिथंही कोणी नव्हतं. म्हणजे डॉक्टर दहानंतर आत गेले आणि बारा वाजता मेलेले सापडले. दहा ते बारामध्ये पाटीवर एकच माणूस आहे."

सगळ्यांनी माझ्या भाचीकडे पाहिलं.

ती माझ्या बहिणीची मुलगी. बहीण गेल्यावर माझ्याकडेच वाढली. मला इथं कामाला तिनंच चिकटवलं, म्हणून सगळे मला मावशी म्हणतात. ती डॉक्टरांच्या हाताखाली तपासणीचं काम करायची.

"आणि सकाळी साडेसातला," साहेब पुढं म्हणाले, "तुमचं आणि डॉक्टरांचं कडाक्याचं भांडण झालं. खरं?"

"भांडण कसलं," भाची म्हणाली. "दोन महिने मालातलं सत्त्व कमी भरतंय. ते म्हणाले, तू बरण्या उजेडात ठेवतेस. मी म्हटलं, उद्यापासून तुम्हीच हलवा तुमच्या बरण्या, मी चालले."

"रागानं?"

"मग काय पेढे वाटत म्हणणार?"

"अगं, नीट बोल," मी म्हणाले.

"नीटच बोलतेय. अकरा वाजता मी गेले, हलवल्या, आले. मला कोणी दिसलं नाही. तिथं दिसतं का कोणाला काही?"

"पण तुम्ही आतल्या भिंतीशी गेला असतात तर पायाला लागलं असतं," साहेब सावकाश म्हणाले.

भाचीनं ओठ चावला. मी तिला लहानपणापासून ओळखते, ती काहीतरी लपवत होती. साहेबांनाही ते दिसलं.

"संध्याकाळी सहाला गाडी येईल," ते म्हणाले. "तोवर आठवलं तर सांगा. नाही आठवलं, तर तुम्हाला माझ्याबरोबर यावं लागेल."

दहा वाजता तिथं कोणी नव्हतं, हे मी म्हणाले होते. तिच्या गळ्यातला फास माझ्या सहीनं विणलेला होता.

३

सरळ साहेबांकडे जाऊन खरं सांगावं, एवढं सोपं होतं ते. पण भीती माणसाला सोपं काही करू देत नाही. खोटा जबाब दिला म्हणून मलाच धरलं तर? आणि मला धरलं, तर तिच्यासाठी बाहेर धावपळ करणारं कोण उरणार होतं?

मी भाऊंकडे गेले. ते पंपाच्या खोलीत होते. तिथं काचेच्या फुग्यातून अल्कोहोल उडवून लावतात आणि मागं घट्ट तपकिरी अर्क राहतो. पंप हवा ओढून घेतो, म्हणून थोड्याशा ऊबेवर अल्कोहोल निघून जातं आणि सत्त्व भाजत नाही. पंप बंद होता. भाऊ स्टुलावर बसून हात पुसत होते.

भाऊंइतका सांभाळून घेणारा माणूस आमच्यात दुसरा नव्हता. सहा महिन्यांपूर्वी मी एकदा खाली बसले आणि उठताच येईना, तेव्हा त्यांनीच मला हाताला धरून उठवलं होतं. "मावशी, आतल्या सहाचं माझ्याकडे लागलं. तुम्ही वाकू नका. कोणाला बोलूही नका, उगाच तुमची नोकरी जायची."

"भाऊ, मी फसले," मी म्हणाले. "मी आत गेलेच नव्हते हो. पोरगी अडकली माझ्यापायी."

त्यांनी दार लोटून घेतलं.

"हळू बोला. सांगितलंत कोणाला?"

"कोणाला नाही. आता सांगते साहेबांना."

"थांबा. घाई करू नका. आता फिरवलंत तर म्हणतील, भाचीला वाचवायला मावशी बनाव करतेय. तुमच्यावर विश्वास कोण ठेवेल?"

ते खरंच होतं. मला रडू आलं. भाऊंनी मला पाणी दिलं.

"सकाळचं नीट आठवा," ते म्हणाले. "काही ऐकू आलं? वास? काहीही?"

मी आठवायला लागले. आणि आठवलं.

"हाताला एक लागलं होतं. बरण्यांच्या मागं. चौकोनी, फॉइलमध्ये गुंडाळलेलं. आत काचा किणकिणल्या. मला वाटलं, पोरीनं तपासणीचं काहीतरी ठेवलंय."

भाऊंनी फडकं उचललं. पुसून झालेले हात त्यांनी पुन्हा पुसले.

"बाहेर आणलंत?"

"छे. काही बाहेर आणायचं नसतं ना."

"बरं." ते उठले. "चार वाजता बरण्या हलवायच्या आहेत. सहा आठवड्यांचा माल नासेल म्हणून मालकीणबाईंनी साहेबांकडून परवानगी काढली आहे. पाळी तुमची. त्या खोलीत आज तुम्हाला एकटीला नाही जाऊ द्यायचा मी. आपण दोघं जाऊ, ते काय आहे ते बघू, आणि मग दोघं मिळून साहेबांकडे जाऊ."

मला केवढा धीर आला. मी त्यांना दोन्ही हात जोडले.

४

चार वाजता हवालदार दाराशी स्टूल टाकून बसला होता. डॉक्टरांना तीन वाजताच नेलं होतं. फरशी पुसली होती, पण ओल तशीच होती.

"दोघं?" हवालदारानं विचारलं.

"मावशी घाबरल्यात," भाऊ म्हणाले.

"घाबरणारच की. आमचे साहेब तर भर दुपारी एकला घाबरले."

आम्ही आत गेलो. आणि मी इतक्या वर्षांच्या सवयीनं पाठीमागचं दार लावून घेतलं. कडीसुद्धा घातली. माझा हात मला न विचारता ते करून मोकळा झाला. मग भाऊंनी पडदा सारला आणि आम्ही पलीकडे गेलो.

तो काळोख मी सांगून कळणार नाही. डोळे मिटले काय, उघडले काय, सारखंच. शेवाळाचा खारट वास, अल्कोहोलचा झोंबणारा वास. आणि त्या दिवशी त्याखाली आणखी एक वास होता.

"तुम्ही इथंच दाराशी थांबा," भाऊ म्हणाले. "मी बघतो."

त्यांची पावलं पुढं गेली. मी फळीला धरून उभी होते. कोणत्या फळीवर, कुठल्या टोकाला, हे ते मला विचारतील, म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी विचारलं नाही. पार पलीकडच्या टोकाला, वरच्या फळीवर बरण्या एकमेकींना लागल्याचा आवाज आला. ते वरच्या फळीच्या मागं हात घालून चाचपत होते.

सकाळी ते मला तिथंच लागलं होतं. वरच्या फळीवर, पलीकडच्या टोकाला. पण तिथून पडेल म्हणून मी ते उचलून मधल्या फळीवर, दाराजवळच्या टोकाला ठेवलं होतं.

आणि यातलं एक अक्षरही मी भाऊंना सांगितलं नव्हतं.

नकळत माझा हात मधल्या फळीकडे गेला. ते तिथंच होतं. माझ्या हाताखाली.

पलीकडचा आवाज थांबला.

"मावशी," भाऊ म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, मायेचा. "तुम्ही ते दुसरीकडे हलवलंत का?"

मी फळीला चिकटले.

"मावशी? आहात ना?"

एक पाऊल. मग आणखी एक. ते फळीवरून हात ओढत येत होते. फॉइलची चुरचुर जवळ जवळ येत होती. मी तो फॉइलमधला चौकोनी ट्रे छातीशी धरला, आत काचा किणकिणल्या आणि चुरचुर थांबली.

"अच्छा," अंधार म्हणाला. "तुमच्याजवळच आहे."

मी पाठीमागं सरकले. पडदा पाठीला लागला. एका हातानं कडी शोधायला लागले. सहा वर्षं रोज शंभरदा लावलेली कडी मला सापडेना. त्यांचा श्वास माझ्या तोंडावर आला. त्यांचा हात ट्रेवर पडला, मग माझ्या मनगटावर.

"द्या इकडे. कोणाला काही व्हायचं नाही. द्या."

मी पडद्याला लटकले. सगळं वजन टाकून. पडदा दांडीसकट खाली आला, आम्ही दोघं त्यात अडकलो आणि माझं डोकं दारावर आपटलं. बाहेरून हवालदार ओरडला. मी ट्रे सोडला नाही. कडी खांद्याला बोचली, तेव्हा ती कुठं आहे ते मला कळलं. मी ती वर केली.

दार उघडलं आणि चार वाजताचं ऊन खोलीत घुसलं. सहा वर्षांत त्या बरण्यांवर इतकं ऊन कधी पडलं नव्हतं.

५

"मावशींना भोवळ आली," भाऊ हवालदाराला सांगत होते. "पडद्याला धरून पडल्या. पाणी आणा."

ते माझ्याकडे काळजीनं बघत होते. हातात माझा पदर होता, धूळ झटकत होते. क्षणभर माझाच माझ्यावर विश्वास बसेना. हा माणूस? म्हातारपणी चळ तर नाही ना लागला मला?

इन्स्पेक्टर साहेब धावत आले. पाठोपाठ भाची आणि मालकीणबाई.

"साहेब," मी म्हणाले, "मी खोटं बोलले."

आणि मालकीणबाईंच्या देखत सगळं सांगून टाकलं. गुडघे, सहा महिने, आतल्या सहा, सगळं. मग अंधारातलं.

साहेब मान हलवत ऐकत राहिले. मग भाचीकडे वळले. "आता तुम्ही. दुपारी ओठ का चावलात?"

भाचीनं माझ्याकडे पाहिलं. "मीपण आतल्या सहांना हात लावत नाही. भाऊंनी सांगितलेलं, ‘आतल्या सहा मावशींकडे आहेत. त्यांचा मान आहे तो, तू मध्ये पडू नकोस.’ मी खरं सांगितलं असतं तर मावशीवर आलं असतं. ती आत जाते असं मला वाटत होतं ना. मग दहाला तिच्या पायाला कसं लागलं नाही, असं तुम्ही विचारलं असतंत."

"वा," साहेब म्हणाले. "एकीला सांगितलं, मी बघतो. दुसरीला सांगितलं, मावशी बघतात. भाऊ, त्या सहा बरण्यांपाशी कोणी जाऊ नये म्हणून तुम्ही बरेच कष्ट घेतलेत."

"दोघींची सोय बघितली, साहेब. चांगुलपणाचा हा मोबदला?"

"ट्रे उघडा."

भाचीनं फॉइल सोडलं. आत बोटाएवढ्या चोवीस कुप्या होत्या. झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर डॉक्टरांचं बारीक अक्षर: सुरू ८.५०, बघणे ९.२०.

पहिल्या अठरा कुप्या पिवळ्या होत्या. शेवटच्या सहा गडद जांभळ्या.

भाचीच्या तोंडून "आई गं" निघालं.

"मला समजेल असं सांगा," साहेब म्हणाले.

"आमची तपासणी हीच. हे जांभळं पाणी असतं. त्यात अर्काचे थेंब टाकायचे आणि अर्धा तास काळोखात ठेवायचं. सत्त्व असेल तर जांभळा रंग जाऊन पिवळा होतो. नसेल तर जांभळा तसाच राहतो. भांडणानंतर डॉक्टरांनी बरणी न् बरणी तपासायला घेतली असणार. माझी चूक आहे की नाही ते बघायला." तिचा आवाज फाटला. "या शेवटच्या सहा म्हणजे आतल्या सहा. त्यांत सत्त्वच नाही."

हवालदारानं एक बरणी बाहेर आणली, मी तिच्यात हात घालून चिमूटभर काढलं. पहिल्यांदा भिजणारी पूड बोटांना चिकट लागते. हा भुसा होता. एकदा पिळून घेतलेला चोथा. चांगली पूड दुसरीकडे जात होती, आणि चांगल्या पुडीचा अर्क गुपचूप आटवायला पंप कोणाच्या हातात होता, हे विचारायची गरज नव्हती.

"चोरी ठरली," भाऊ शांतपणे म्हणाले. "कोणी केली ते ठरायचंय. आणि चोरी म्हणजे खून नव्हे."

"बरोबर," साहेब म्हणाले. "म्हणून वेळ बघू. डॉक्टर हा ट्रे ठेवून निघून जायचे का?"

"कधीच नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "एकदा कोणीतरी धक्का देऊन सांडला होता. तेव्हापासून तो अर्धा तास ते आत ट्रेपाशी उभे राहायचे. त्या वेळात कोणाचा फोन आला तरी बाहेर येत नसत."

"म्हणजे ८.५० ला डॉक्टर आत गेले. जिवंत. तेव्हा आठ वाजताची पाळी यातून सुटली. ९.२० ला त्यांना ट्रे बाहेर आणून रंग बघायचे होते. त्यांनी आणला नाही. दहा वाजता तो मावशींच्या हाताला लागला, वरच्या फळीच्या मागं, कोणीतरी लपवल्यासारखा. तेव्हा ९.२० च्या आतच डॉक्टरांचं जे व्हायचं ते झालं होतं. ८.५० ते ९.२०. यात पाटीवर कोण आहे?"

पाटी समोरच टांगलेली होती. नऊपुढं भाऊंची खूण होती.

"तुम्ही म्हणालात, आत कोणी नव्हतं. डॉक्टर तर तिथंच उभे होते. बाहेर काही आणायचं नाही ही तुमची पद्धत, आणि समोर बाई बसलेल्या. म्हणून ट्रे आत दडवलात. अंधारात तुम्हाला रंग दिसले नाहीत, पण ते काय असणार हे तुम्ही ओळखलंत. दुपारी परत येऊन न्यायचा बेत होता. पाहुणा आडवा आला." साहेबांनी खोलीकडे बोट केलं. "आणि आता वरच्या फळीवर हात कसा गेला, ते तुम्हीच सांगा."

भाऊंनी माझा पदर सोडला. मला वाटतं, आपण अजून तो धरून आहोत हे त्यांना तेव्हाच कळलं.

"मी ढकललं फक्त," ते म्हणाले. "ते अंधारातून बोलले. ‘भाऊ, त्या आतल्या सहा बरण्यांत काय आहे रे? थेंब अगदी फिके निघाले.’ एवढंच. मला माहीतही नव्हतं आत कोणी आहे. मी ढकललं. फळीची कड लागली असेल. मी हाका मारल्या, ते बोलले नाहीत."

"मग दिवा घेऊन कोणाला बोलवायचं होतं."

भाऊ त्या उघड्या दाराकडे बघत राहिले. हवालदारानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

६

चार दिवसांनी साहेब आमच्या घरी आले. बूट दाराबाहेर काढून आत बसले. भाचीनं चहा टाकला.

"दोन गोष्टी सांगायच्या आहेत," ते म्हणाले. "दोन्ही वाईट. पहिली ही, की मावशी, तुमचा पहिला जबाब मला फाडता येत नाही. तो फाइलमध्ये राहील. भाऊंचा वकील तो कोर्टात वाचून दाखवेल. तुम्हाला सगळ्यांसमोर खोटारडी म्हणेल."

"म्हणू दे," मी म्हणाले.

"दुसरी, शवचिकित्सेची. तुम्हाला वकिलाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी." त्यांनी कप खाली ठेवला. "डॉक्टर लगेच गेले नव्हते. शुद्ध नव्हती, पण जीव होता. साधारण अकरापर्यंत."

भाचीनं त्यांचा कप उचलला आणि मोरीत नेला.

मी दहा वाजता गेले होते. पंधरा मिनिटं. चार पावलांवर.

साहेब गेल्यावर मी तिथंच बसून राहिले. भाची कपबश्या विसळत होती. विसळून झालेल्या पुन्हा विसळत होती. मला तिच्या पाठीकडे बघवेना. माझ्यामुळे ती तुरुंगाच्या दारापर्यंत गेली होती, आणि माझ्यामुळे ज्या माणसानं तिला काम शिकवलं तो वाचला नव्हता. तिनं मला घराबाहेर काढलं असतं तर मी पिशवी भरून निघाले असते.

"मी अकराला गेले होते," ती पाठमोरीच म्हणाली.

"अगं, तू..."

"गप्प बस जरा. मीपण नाही गेले आत. मीपण अठरा हलवल्या आणि पाटीवर चोवीस लिहिल्या. तुझे गुडघे तरी दुखत होते. माझं काय दुखत होतं?"

मी बसल्या जागेवरून फडकं पुढं केलं, तिनं घेतलं नाही.

"रागावलेय मी तुझ्यावर," ती म्हणाली. "ते जायला वेळ लागेल. कदाचित जाणारही नाही."

"कळतंय मला."

"कोर्टात मला बोलावतील तेव्हा मीपण हे सांगणार आहे. पाटीवरचं. न विचारता."

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे."

तिनं नळ बंद केला. मग माझ्यासमोर येऊन बसली, पदराला हात पुसत. तिचे हात गार होते. माझेही.

"वकील ओरडेल तुझ्यावर," ती म्हणाली. "तेव्हा त्याच्याकडे बघू नकोस. मी समोरच्या बाकावर असेन."

"आणि तुझ्यावर ओरडेल तेव्हा?"

तिनं थोडा विचार केला.

"तेव्हा तू बस समोर."